बोट आहे का, आणि कुठल्या दिवशी? कॅरिबियन बेटांवर फिरताना

मागच्या वर्षी पुण्याहून भाऊजींचा फोन आला. "वहिनी, आम्ही बार्बाडोसला उतरतोय. तिथून तुमचं सेंट लुसिया पावणेदोनशे किलोमीटर. पुणे-मुंबईपेक्षा जरा जास्त. सकाळची बोट धरून जेवायलाच येतो."

"भाऊजी, बोट नाही."

"मग दुपारची?"

सकाळची नाही, दुपारची नाही, कुठलीच नाही. बार्बाडोस इतर बेटांपासून पूर्वेला सुटं पडलेलं आहे आणि तिथून शेजारच्या बेटांना प्रवासी बोट जात नाही. नकाशावर ही बेटं मण्यांसारखी ओळीने ओवलेली दिसतात, म्हणून प्रत्येकाला वाटतं की एका मण्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची की झालं. इथे अंतर किती हा प्रश्नच चुकीचा. आज बोट आहे का, उद्या आहे का, विमान कुठल्या वारी आहे, हे विचारायचं. भाऊजींना तेव्हा फोनवर जे तासभर सांगितलं, तेच इथे जरा नीट लावून लिहिते.

आधी कागद, मग समुद्र

वेस्ट इंडीज नावाची क्रिकेटची टीम आहे, देश नाही. बार्बाडोस वेगळा देश, सेंट लुसिया वेगळा, ग्रेनेडा वेगळा. मार्टिनिक आणि ग्वादलूप म्हणजे फ्रान्स. साबा आणि सेंट मार्टिनचा दक्षिण भाग नेदरलँड्सच्या राज्यात. सेंट थॉमस अमेरिकेचं, मॉन्टसेराट आणि अँग्विला ब्रिटनची. त्यामुळे तासाभराच्या बोटीनंतरही पासपोर्ट, शिक्का, कस्टम्स हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथल्या लोकांना आपापसात सवलती आहेत. त्या आपल्याला नाहीत.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोस, डॉमिनिका, ग्रेनेडा, सेंट व्हिन्सेंट आणि त्रिनिदाद-टोबॅगो इथे पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. बाकीच्यांचे नियम निरनिराळे आहेत आणि बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या पानावर बघा. अनेक बेटांवर आता येण्याआधी ऑनलाइन फॉर्मही भरावा लागतो. फ्रेंच बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या एका व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात, येत नाहीत. पॅरिससाठी काढलेला व्हिसा इथे चालेलच असं धरू नका, फ्रेंच वकिलातीकडून खात्री करून घ्या. आणि मायामी किंवा सान हुआनमध्ये नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

दुसरी गोष्ट परतीच्या तिकिटाची. इमिग्रेशनवाल्या बाईंचे प्रश्न ठरलेले असतात: कुठे राहणार आणि परत कधी जाणार? बेटावरून बेटावर एकेरी तिकिटांनी फिरणाऱ्याकडे दुसऱ्याचं उत्तर नसतं. भारतात परत जायच्या तिकिटाचा आणि पुढच्या बोटीचा कागद छापून हातात ठेवा. फोनमध्ये असतो हो, पण धक्क्यावर नेमकं नेटवर्क नसतं.

तिसरी, पिवळ्या तापाची लस. बोटीवर नोकरी करणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना ती पाठ असते, पर्यटकांना ऐकूनही माहीत नसते. त्रिनिदाद (टोबॅगो नव्हे) आणि गयाना पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात बसवतात. शेजारची काही बेटंही त्रिनिदादहून आलेल्यांकडे ते मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

जाता जाता: डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत. बुकिंग करताना नाव दोनदा वाचा. आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे घरीच ठेवा, बाळाची टोपीसुद्धा. बार्बाडोस, सेंट लुसिया, त्रिनिदाद अशा बऱ्याच ठिकाणी सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने गुन्हा आहे.

बोट कुठे आहे

नव्या माणसाला माझा सल्ला असा की बेटं निवडून मग बोट शोधू नका, बोटीची साखळी निवडून मग बेटं ठरवा.

सर्वात सोप्या साखळ्या एकाच देशातल्या, कारण मधे इमिग्रेशन नाही. सेंट किट्सच्या बासटेअरहून नेव्हिसच्या चार्ल्सटाउनला पाऊण तासात जाता येतं आणि दिवसात अनेक फेऱ्या असतात. सेंट व्हिन्सेंटच्या किंग्जटाउनहून बेक्विया तासाभरावर. ही माझी सगळ्यात आवडती बोट. धक्क्यावर जायचं, तिकीट घ्यायचं, चढायचं. खाली गाड्या, सिलिंडर, अंड्यांचे ट्रे, कुणाची तरी नवी गादी. वर बाकांवर शाळेची पोरं आणि बाजार करून परतणाऱ्या बायका. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडलेल्या माणसाला इथे काहीच शिकवावं लागत नाही. बेक्वियाच्या पुढे कॅनुआन, मेरो आणि युनियन आयलंडपर्यंतही बोटी जातात, पण त्या रोज नसतात.

ग्रेनेडाहून कॅरियाकूला दीड-दोन तास लागतात. या वाटेवर किक देम जेनी नावाचा समुद्राखालचा ज्वालामुखी आहे. त्याचा पहिला नोंदलेला उद्रेक १९३९ सालचा. त्याच्या भोवती दीड किलोमीटरपर्यंत बोटींना बंदी आहे आणि धोक्याची पातळी वाढली की हे वर्तुळ पाच किलोमीटर होतं. बोट सरळ न जाता वळसा घेत असेल तर घाबरू नका.

त्रिनिदादहून टोबॅगोला बोट साधारण साडेतीन-चार तास घेते, विमान वीस-पंचवीस मिनिटं. जाताना बोट वाऱ्याच्या तोंडावर चालते, येताना वारा पाठीशी असतो. म्हणून इथले जाणते लोक विमानाने जातात आणि बोटीने परततात. हा नियम सगळीकडे कामाला येतो. वर्षभर वारा पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे पूर्वेला जाणारी बोट आदळत जाते आणि पश्चिमेला येणारी तरंगत येते.

देश ओलांडणारी मोठी साखळी एकच: ग्वादलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया. इथे मोठ्या, बंदिस्त, वातानुकूलित कॅटामरान चालतात. ग्वादलूप ते डॉमिनिका साधारण दोन तास, तिथून मार्टिनिकला पुन्हा दोनेक तास, मार्टिनिक ते सेंट लुसिया दीड तासाच्या आसपास. रोज नसतात. कुठल्या वारी आहेत ते हंगामाप्रमाणे बदलतं आणि शाळांच्या सुट्ट्या व कार्निव्हलच्या दिवसांत तिकिटं आधीच संपतात. या साखळीतली बोट महाग आहे आणि विमानापेक्षा फारशी स्वस्त पडत नाही, तरीही मी ती घ्यायला सांगेन. डॉमिनिकाचा मुख्य विमानतळ राजधानी रोझोपासून डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने तासाहून जास्त दूर आहे, आणि बोट तुम्हाला रोझोच्या बाजारपेठेतच सोडते. टॅक्सीचे पैसे धरले की हिशेब उलटतो.

उत्तरेला सेंट मार्टिनहून अँग्विला वीस-पंचवीस मिनिटं, सेंट बार्ट्स पाऊण ते एक तास. अँटिग्वाहून बार्बुडालाही बोट आहे. बाकी बहुतेक ठिकाणी विमानच.

बोटीचा दिवस

देशाबाहेर जाणाऱ्या बोटीला विमानासारखंच आधी पोहोचायचं. दीड-दोन तास आधी सांगितलं असेल तर ते खरं माना. बोटीला उशीर होतो, पण खिडकी वेळेवर बंद होते. काही बंदरांत निर्गमन कर वेगळा आणि रोख भरावा लागतो, म्हणून शेवटच्या सकाळी सगळी नाणी संपवू नका.

आता बोट लागण्याबद्दल. कोकणातल्या जुन्या आगबोटींपासून हा शब्द आपल्याकडे आहे, म्हणजे अनुभवही आहे. बेटाच्या पश्चिमेच्या आडोशाला समुद्र तळ्यासारखा असतो. नव्या माणसाला वाटतं, उगाच घाबरलो. मग बेटाचं टोक संपतं आणि दोन बेटांमधली सामुद्रधुनी सुरू होते. तिथे अटलांटिकच्या लाटा काहीही न अडवता येतात.

आमच्या सेंट लुसियाच्या राजधानीहून, कॅस्ट्रीजहून, मार्टिनिकला जाताना हे मी घड्याळ लावून पाहिलंय. बंदरातून निघाल्यावर पहिली वीसेक मिनिटं सगळे खिडकीशी, फोटो, हसणं, कुणी सँडविच उघडलेलं. उत्तरेचं टोक मागे पडताच पहिला धक्का बसतो. हसणं थांबतं. कर्मचारी कागदी पिशव्यांची चळत घेऊन रांगेतून फिरायला लागतो, न विचारता, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोराच्या सहजतेने. सँडविचवाला सगळ्यात आधी पिशवी मागतो. पुढे मार्टिनिकचा आडोसा आला की पुन्हा सगळं शांत, आणि उजव्या हाताला डायमंड रॉक नावाचा सुळका दिसतो. १८०४ मध्ये ब्रिटिशांनी त्यावर तोफा चढवल्या आणि त्या खडकाची चक्क युद्धनौका म्हणून नोंद केली होती. पण तो बघायला डोकं वर काढण्याच्या स्थितीत फार थोडे लोक असतात.

तर काय करायचं? अ‍ॅव्होमिन किंवा तुम्हाला चालणारी गोळी बोट सुटण्याच्या तासभर तरी आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. गोळीने झोप येते, त्यामुळे पलीकडे उतरून गाडी चालवायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागे घ्या. पुढच्या खिडकीचा मोह टाळा, बोटीचं नाक सगळ्यात जास्त उडतं. उघडा डेक असेल तर तिथे उभं राहून क्षितिजाकडे बघा. फोन खिशात. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब पोटीही नको. कोरडी पोळी किंवा बिस्किटं बरी. मी आल्याची वडी ठेवते. आईच्या आईचा उपाय आहे, चालतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीत वारे जास्त जोरात असतात. इथले लोक त्यांना ख्रिसमस विंड्स म्हणतात. पर्यटकांचा हंगामही नेमका तोच.

छोटं विमान

इथे छोट्या विमानांचे तीन प्रकार भेटतील. एटीआर हे भारतातही दिसणारं पंख्यांचं विमान, त्यात वेगळं काही नाही. मग ट्विन ऑटर, १९ जणांचं. आणि आयलंडर, ज्यात पायलट धरून दहा माणसं जेमतेम मावतात.

शेवटच्या दोघांत काउंटरवर बॅगेबरोबर तुमचंही वजन करतात. लाजू नका. पायलटला तोल साधायचा असतो, म्हणून कुणी कुठे बसायचं तेही ते ठरवतात. नवरा मागे आणि बायको पायलटच्या शेजारी, असं होऊ शकतं. बॅग मऊ कापडी असावी. मोठी टणक सूटकेस आतल्या कप्प्यात जात नाही आणि मग ती "पुढच्या विमानाने" येते. माझी एकदा अशी तिसऱ्या दिवशी आली, तीही मी रोज विमानतळावर जाऊन बसल्यावर. तेव्हापासून औषधं, चार्जर, एक जोड कपडे आणि सगळे कागद मी खांद्यावरच्या पिशवीत ठेवते.

साबाला जायचं असेल तर विमानानेच जा. सेंट मार्टिनहून ट्विन ऑटर बारा-पंधरा मिनिटांत पोहोचतं. साबाची धावपट्टी ४०० मीटरची, व्यावसायिक वाहतुकीच्या धावपट्ट्यांत जगातली सर्वांत आखूड; मुंबईची मोठी धावपट्टी तिच्या आठपटीहून लांब आहे. दोन्ही टोकांना कडा, खाली समुद्र. विमान डोंगराच्या भिंतीकडे सरळ जात राहतं, आता काय, असं वाटेपर्यंत, आणि मग डावीकडे कलतं. चाकं टेकतात, पंख्यांची पाती उलटी वळल्याचा मोठा आवाज होतो आणि विमान थांबतं. इतकंच. शेजारची आजी तोवर पिशवी आवरून बसलेली असते. (ज्यांना हे वाचूनच घाम फुटला त्यांच्यासाठी बोटही आहे, सव्वा तासाची.)

मॉन्टसेराटचा जुना विमानतळ १९९७ मध्ये ज्वालामुखीने गिळला. १९९५ पासून धुमसणाऱ्या सूफ्रिएर हिल्सने राजधानी प्लिमथही राखेखाली गाडली. २००५ मध्ये उत्तरेला नवी छोटी धावपट्टी झाली. अँटिग्वाहून आयलंडरने वीसेक मिनिटं लागतात. उतरल्यावर पासपोर्टवर तीन पानांच्या आयरिश शॅमरॉकच्या आकाराचा शिक्का मिळतो. त्याच्यासाठीही जावं, इतका तो सुंदर आहे.

साबा आणि सेंट बार्ट्सला अंधारात विमान उतरत नाही. तुमचं मोठं विमान सेंट मार्टिनला संध्याकाळी पोहोचत असेल तर ती रात्र तिथेच काढायची, असं धरूनच हॉटेल ठरवा.

सेंट लुसियाला येणाऱ्यांनी एक नक्की बघावं. इथे दोन विमानतळ आहेत. मोठी जेट दक्षिणेच्या ह्युअनोराला उतरतात, शेजारच्या बेटांची छोटी विमानं कॅस्ट्रीजमधल्या जॉर्ज चार्ल्सला. दोघांत रस्त्याने तास-दीड तास. दोन तासांच्या अंतराने एकाहून दुसरं विमान धरणारे लोक मी पाहिलेत. विमान निघून गेल्यावर पाहिलेत.

काही विमानं एसटीसारखी मधल्या बेटांवर थांबत जातात. उतरण्याआधी हे आपलंच बेट आहे ना, एवढं विचारा. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं असतील तर बॅग आपोआप पुढे जात नाही. ती घ्यायची, इमिग्रेशन करायचं, पुन्हा द्यायची. पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते.

मोकळा दिवस

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि भाऊजींना तीनदा सांगावं लागलं. भारताकडे परतणाऱ्या मोठ्या विमानाच्या दिवशी बोट किंवा छोटं विमान ठेवू नका. आदल्या दिवशी मुक्कामाला मोठ्या विमानतळाच्या बेटावर असा. जून ते नोव्हेंबर असेल तर दोन दिवस आधी.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जास्त जोर. पण तारखांवर विसंबू नका. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनमध्ये आपण विश्वचषक जिंकलो आणि टीम तिथेच अडकली, आठवतंय? तेच बेरिल चक्रीवादळ. बार्बाडोसचा विमानतळ बंद झाला आणि रोहितची मंडळी ४ जुलैला दिल्लीत उतरली, त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर. आपल्याला मिरवणूक आठवते. त्याच बेरिलने १ जुलैला कॅरियाकू आणि युनियन आयलंडची घरं, बोटी, धक्के मोडून टाकले. विश्वविजेत्या टीमलाही विमान मिळत नाही, तिथे आपलं काय. विमा काढताना वादळाने रद्द झालेल्या प्रवासाचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचा.

पैसे आणि तोंड

ग्रेनेडापासून अँग्विलापर्यंतच्या आठ बेट-प्रदेशांत एकच ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो आणि १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० हा दर कायम आहे. त्यामुळे टॅक्सीवाल्याने "चाळीस डॉलर" म्हटलं की पहिला प्रश्न: कुठले? फ्रेंच बेटांवर युरो, साबाला अमेरिकी डॉलर. छोट्या अमेरिकी नोटा सोबत ठेवा. सुटे परत मिळतात ते स्थानिक चलनात.

तिकीटखिडकीवर गेल्या गेल्या "बोट किती वाजता?" विचारू नका. आधी "गुड मॉर्निंग", दुपार झाली असेल तर "गुड आफ्टरनून", उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मग प्रश्न. हे न करणारा माणूस इथे उर्मट ठरतो आणि त्याला उर्मट माणसाला मिळतं तेवढंच उत्तर मिळतं. आणि "जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता नव्हे. थोड्या वेळाने, केव्हातरी.

भाऊजी शेवटी बार्बाडोसहून विमानाने आले, कॅस्ट्रीजलाच उतरले आणि जेवायलाही वेळेवर पोहोचले. बोटीची हौस राहिली होती म्हणून चार दिवसांनी त्यांना सेंट व्हिन्सेंटला पाठवलं. दुपारी किंग्जटाउनच्या धक्क्यावरून फोन.

"वहिनी, बोट दिसतेय समोर. खिडकीवरच्या बाई म्हणतात, जस्ट नाऊ."

"गुड आफ्टरनून म्हणालात का?"

"नाही."

"मग जा, म्हणून या. आणि सावलीतला बाक धरा."